कोपराला लावलेला गूळ

कायद्यात दुरुस्ती करायला संसदेला किती वेळ लागतो? लोकपाल, म्हणजे मंत्री आणि अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करणारा सरकारबाहेरचा माणूस, त्याच्या कायद्यापुरतं विचाराल तर याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

पहिलं उत्तर, दोन दिवस. २७ जुलै २०१६ ला लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक आलं, त्याच दिवशी मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेनेही ते मंजूर केलं. झालं काय होतं, की लोकपाल कायद्याच्या कलम ४४ मध्ये एक अट होती. मंत्री, खासदार, सरकारी अधिकारी यांनी स्वतःची, नवऱ्याची किंवा बायकोची आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलांची मालमत्ता जाहीर करायची आणि ती माहिती वेबसाइटवर सगळ्यांना बघायला ठेवायची. मुदत संपत होती ३१ जुलैला. अंगाशी आलं तसं सगळ्यांचे हात भराभर चालले. अट गेली आणि 'सरकार ठरवेल त्या नमुन्यात, सरकार ठरवेल त्या पद्धतीने' एवढं मोघम वाक्य तिच्या जागी आलं. दुरुस्ती लागूही केली ती १६ जानेवारी २०१४ पासून, म्हणजे मूळ कायदा अमलात आला त्याच तारखेपासून. जणू ती अट कधी जन्मलीच नव्हती. (सरकारी किंवा परदेशी पैसा घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे विश्वस्तही या अटीवर नाराज होते, हे सांगायला हवं. त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण दोन दिवसांत कायदा हलवण्याइतकं वजन त्यांच्यात असतं, तर देशातल्या बऱ्याच गोष्टी मार्गी लागल्या असत्या.)

दुसरं उत्तर, वर्षानुवर्षं होतच नाही. त्याच कायद्यातली दुसरी एक दुरुस्ती डिसेंबर २०१४ मध्ये मांडली गेली होती. ती झाल्याशिवाय लोकपाल नेमताच येत नाही, असं सरकार म्हणत होतं. विधेयक स्थायी समितीकडे गेलं. समितीने वर्षभराने, डिसेंबर २०१५ मध्ये, अहवाल दिला आणि पुढे ते तिथेच पडून राहिलं. मालमत्ता झाकायची दुरुस्ती दोन दिवसांत झाली ती याच काळात, याच संसदेत.

राजकारण्यांचा दुटप्पीपणा हा विषय निघाला की आपण लगेच भाषणांकडे वळतो. अमुक तेव्हा काय म्हणाला, आता काय म्हणतो, जुने व्हिडिओ, दोन्ही बाजूंची चिखलफेक. त्यातून फारसं काही हाती लागत नाही. माणसाचं मत बदलू शकतं, परिस्थिती बदलू शकते, कधी कधी खरोखर अडचण असते. मी एक साधी कसोटी वापरतो. जी अडचण सांगितली जाते, तीच अडचण स्वतःच्या सोयीच्या कामात आली तेव्हा किती वेळात दूर झाली? लोकपालाची गोष्ट या कसोटीवर घासून बघण्यासारखी आहे, कारण गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत ज्यांनी ज्यांनी दिल्लीत राज्य केलं, ते झाडून सगळे तिच्यात आहेत.

आधी मुळात लोकपाल लागतो कशाला, ते बघू. फेरफाराची नोंद करायला तलाठ्याने पैसे मागितले, तर तुम्ही १०६४ वर फोन करता. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची माणसं येतात, नोटांना पावडर लावतात, सापळा रचतात, तलाठी रंगेहाथ सापडतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चौकटीत बातमी येते. इथवर यंत्रणा चालते. आता समजा पैसे मागणारा तलाठी नसून मंत्री आहे. लाचलुचपत विभाग गृहखात्याच्या हाताखाली. गृहखातं मंत्रिमंडळाच्या हाताखाली. विभागातल्या अधिकाऱ्याची पुढची बदली कुठे होणार, हे ठरवणारी माणसं त्याच मंत्रिमंडळात बसलेली. केंद्रात सीबीआयची अवस्था तीच. शिवाय खटला भरायला सरकारची मंजुरी लागते आणि २०१८ पासून अधिकाऱ्यांच्या निर्णयांबाबत साधी चौकशी सुरू करायलाही आधी परवानगी लागते. सासूची तक्रार सासूकडेच करायची, असा हा मामला.

यावरचा उपाय म्हणजे सरकारच्या बाहेरचा, सरकारला ज्याची बदली करता येत नाही असा एक माणूस. स्वीडनमध्ये १८०९ पासून 'ऑम्बुड्समन' नावाचं असं पद आहे. आपल्याकडे १९६३ मध्ये संसदेत या विषयावर बोलताना लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी त्याला 'लोकपाल' हा शब्द दिला. तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने रीतसर शिफारस केली की केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त नेमा.

पहिलं विधेयक १९६८ मध्ये आलं. ऑगस्ट १९६९ मध्ये लोकसभेने ते मंजूरही केलं. मग ते राज्यसभेत गेलं आणि तिथे असतानाच डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली. इथे एक नियम लक्षात ठेवा, कारण या गोष्टीत तो पुन्हा पुन्हा येतो. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यासमोरची विधेयकं मरतात आणि तिने मंजूर करून राज्यसभेकडे पाठवलेली पण तिथे अडकलेली विधेयकंही मरतात. म्हणजे एखादा कायदा नको असेल तर त्याच्या विरोधात बोलायचीही गरज नाही. मांडायचा, कौतुक करून घ्यायचं, समितीकडे पाठवायचा आणि निवडणुकीची वाट बघायची.

१९७१ मध्ये पुन्हा विधेयक आलं, मेलं. १९७७ मध्ये आलं. त्या वेळी पंतप्रधान कोण होते? मोरारजी देसाई. ज्यांनी स्वतः अकरा वर्षांपूर्वी शिफारस केली, त्यांच्याच राज्यात ते विधेयक अडकलं आणि १९७९ मध्ये लोकसभेबरोबर गेलं. १९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने आणलं. त्यांच्याकडे चारशेहून अधिक खासदार होते, म्हणजे बहुमताची सबब नव्हती, तरी ते विधेयक सरकारनेच मागे घेतलं. १९८९ मध्ये व्ही. पी. सिंग सत्तेवर आले तेच मुळी बोफोर्स तोफांच्या खरेदीतल्या लाचखोरीच्या आरोपांवरून. त्यांनीही आणलं, तेही मेलं. १९९६ ला देवेगौडा, १९९८ आणि २००१ ला वाजपेयी. सगळं भिजत घोंगडं. मग २००४ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीने किमान समान कार्यक्रमात लिहून दिलं की लोकपाल विधेयकाचं कायद्यात रूपांतर करू. पुढची सात वर्षं काहीच नाही.

काँग्रेस, जनता पक्ष, जनता दल, संयुक्त आघाडी, भाजप, सगळ्यांच्या विधेयकांची नावं या यादीत आहेत. यातल्या कुठल्याही सरकारने 'लोकपाल नको' असं धडधडीत म्हटलं नाही. नकार न देता नाकारायची ही कला आपल्याला घरातूनही माहीत असते. लेकराला 'नाही' म्हणायचं नसेल तर 'बघू' म्हणायचं.

२०११ चा एप्रिल ज्यांना आठवतो त्यांना पुढचं सांगायला नको. ५ एप्रिलला राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे जंतरमंतरवर उपोषणाला बसले. चार दिवसांत सरकार वाकलं आणि मसुदा लिहायला संयुक्त समिती नेमली गेली. समितीचं जमलं नाही. ऑगस्टमध्ये अण्णांना अटक, तिहार, मग रामलीला मैदान. गावोगाव मेणबत्त्या घेऊन फेऱ्या निघाल्या. माझ्या एका मित्राच्या कपाटात 'मैं अण्णा हूँ' लिहिलेली टोपी अजून आहे. तो आता ती कुणाला दाखवत नाही.

२७ ऑगस्ट २०११ ला संसदेने, रीतसर मतदान न घेता, बाकं वाजवून तीन गोष्टी 'तत्त्वतः' मान्य केल्या. खालच्या पातळीवरचे कर्मचारी लोकपालाच्या कक्षेत, राज्यांत लोकायुक्त आणि कोणतं काम किती दिवसांत व्हायला हवं हे सांगणारी नागरिकांची सनद. 'तत्त्वतः' हा शब्द सरकारी मराठीत फार कामाचा आहे. तत्त्वतः मंजुरी मिळालेले पूल नदीवर दिसत नाहीत. नागरिकांच्या सनदेचं विधेयक त्याच वर्षी आलं आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर संपलं. (महाराष्ट्राने २०१५ मध्ये स्वतःचा लोकसेवा हक्क कायदा केला, तेवढं श्रेय द्यायला हवं.)

लोकपाल विधेयक डिसेंबर २०११ मध्ये लोकसभेत मंजूर झालं. लोकपालाला घटनात्मक दर्जा देणारी दुरुस्ती मात्र पुरेशा मतांअभावी पडली. विधेयक राज्यसभेत आलं तेव्हा त्यावर १८७ दुरुस्त्या आल्या. २९ डिसेंबरच्या रात्री एका खासदाराने विधेयकाची प्रत फाडली, गोंधळ झाला आणि मध्यरात्रीच्या ठोक्याला अधिवेशन संस्थगित झालं. त्याच आठवड्यात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर अण्णांचं उपोषण चालू होतं आणि गर्दी रोडावली होती. लोक पांगले की घाईही पांगते.

पुढची दोन वर्षं शांतता. मग ८ डिसेंबर २०१३ ला दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड या विधानसभांचे निकाल लागले. काँग्रेस चारही ठिकाणी हरली आणि दिल्लीत वर्षभराच्या आम आदमी पक्षाने २८ जागा घेतल्या. १० तारखेला अण्णा राळेगणमध्ये उपोषणाला बसले. १७ तारखेला राज्यसभेने विधेयक मंजूर केलं, १८ ला लोकसभेने. ४५ वर्षं न झालेलं काम निकालानंतर दहा दिवसांत झालं. अण्णांनी कायद्याचं स्वागत केलं. त्यांचे जुने सहकारी अरविंद केजरीवाल यांनी त्याला 'जोकपाल' म्हटलं.

कायदा वाचला तर तो टाकाऊ नव्हता. पंतप्रधानही त्याच्या कक्षेत येतात. मात्र परराष्ट्र संबंध, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अणुऊर्जा आणि अंतराळ हे विषय वगळून. शिवाय लोकपालाच्या पूर्ण पीठाने दोन तृतीयांश मतांनी ठरवलं तरच, आणि तेही बंद दाराआड. लोकपालाने सोपवलेल्या प्रकरणांत सीबीआयवर देखरेख लोकपालाची. सगळ्यात मोलाचं म्हणजे खटल्याची मंजुरी लोकपाल स्वतः देऊ शकतो. फक्त एक गोष्ट हवी होती. खुर्चीत कुणीतरी बसायला हवं होतं.

इथे सुरुवातीच्या त्या दुसऱ्या दुरुस्तीचं कोडं सुटतं. लोकपाल निवडणाऱ्या समितीत पंतप्रधान, लोकसभेचे अध्यक्ष, विरोधी पक्षनेता, सरन्यायाधीश किंवा त्यांनी सुचवलेले न्यायाधीश आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ असे पाच जण. २०१४ मध्ये काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश, म्हणजे ५५ जागा हव्यात, हा संकेत पुढे करून ते पद कुणालाच दिलं गेलं नाही. मग सरकार म्हणालं, विरोधी पक्षनेताच नाही, समिती अपुरी, आता लोकपाल नेमायचा कसा? आधी कायदा दुरुस्त करावा लागेल.

ऐकायला रास्त वाटतं. पण सीबीआयचा संचालक निवडणाऱ्या समितीतही विरोधी पक्षनेता असतो आणि तिथेही हीच अडचण होती. तिथे काय झालं? नोव्हेंबर २०१४ मध्ये संसदेने तो कायदा दुरुस्त केला. विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा लोकसभेतला नेता चालेल. संपला विषय. सीबीआयला संचालक हवा होता, त्यामुळे वाट सापडली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २७ एप्रिल २०१७ ला न्यायालयाने सांगितलं की कायदा आहे तसा राबवता येतो, विरोधी पक्षनेता नसला तरी समिती निवड करू शकते, दुरुस्तीची वाट बघायचं कारण नाही. यानंतरही जवळपास दोन वर्षं गेली. अवमान याचिका झाली. मार्च २०१८ मध्ये अण्णा पुन्हा रामलीला मैदानावर बसले. या वेळी कॅमेरे कमी होते. आश्वासन घेऊन उठले. जानेवारी २०१९ मध्ये राळेगणमध्ये पुन्हा बसले, सात दिवसांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा होऊन पुन्हा आश्वासन घेऊन उठले. १० मार्च २०१९ ला लोकसभा निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली. १९ मार्चला पहिले लोकपाल म्हणून न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांचं नाव जाहीर झालं. दुरुस्ती तोवरही झालेली नव्हती. ज्या दुरुस्तीविना नेमणूक अशक्य होती, तिच्याविना नेमणूक झाली. २०११ मध्ये हाच भाजप विरोधी बाकांवरून कडक लोकपालासाठी काँग्रेसला धारेवर धरत होता.

आता राज्यांकडे येऊ. दिल्ली चर्चाच करत होती तेव्हा महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून १९७२ मध्ये लोकायुक्त नेमला. देशात पहिला. आपण याचा अभिमान बाळगतो, पण त्या कायद्यात 'मंत्री' या शब्दाच्या व्याख्येतून मुख्यमंत्री वगळलेला होता आणि लोकायुक्ताला शिफारशीपलीकडे काही करता येत नव्हतं. दहा वर्षांनी मुख्यमंत्री अंतुले यांचं सिमेंट प्रकरण झालं, म्हणजे सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात बिल्डरांकडून देणग्या घेतल्याचं. ते बाहेर काढलं वर्तमानपत्राने, ठपका ठेवला मुंबई उच्च न्यायालयाने आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. देशातला पहिला लोकायुक्त तेव्हा मुंबईतच होता. कायद्याने त्याला या गोष्टीकडे बघायचीही मुभा नव्हती.

केंद्राच्या कायद्यात लिहिलं होतं की कायदा लागू झाल्यापासून वर्षभरात प्रत्येक राज्याने लोकायुक्त नेमावा. म्हणजे जानेवारी २०१५ पर्यंत. महाराष्ट्राचं नवं लोकायुक्त विधेयक विधानसभेत आलं डिसेंबर २०२२ मध्ये, नागपूरला. विरोधक सभात्याग करून बाहेर आणि आत चर्चेविना मंजुरी. विधान परिषदेत मंजूर झालं आणखी एका वर्षाने, डिसेंबर २०२३ मध्ये. यात मुख्यमंत्री आला, ही त्याची मोठी जाहिरात. पण त्याची चौकशी सुरू करायची तर विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती हवी. २८८ चे दोन तृतीयांश म्हणजे १९२. सरकार चालवायला १४५ पुरतात. म्हणजे मुख्यमंत्र्याची चौकशी व्हायची तर त्याच्याच बाजूच्या निदान काही डझन आमदारांनी उघड हात वर करायला हवेत. आणि जे आमदार तसे हात वर करतील, ते चौकशीची वाट कशाला बघतील? सरकारच पाडतील. कोपराला गूळ लावलाय. दिसतो, वासही येतो.

कर्नाटकातली गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते, कारण तिथे लोकायुक्ताकडे स्वतःचे पोलीस होते. म्हणजे छापा घालता येत होता, गुन्हा नोंदवता येत होता. जुलै २०११ मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांनी बळ्ळारीच्या बेकायदा खाणकामाचा अहवाल दिला आणि महिना संपायच्या आत भाजपचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी राजीनामा दिला. (पुढे सीबीआय न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं, हेही नोंदवायला हवं.) त्या अहवालाचा राजकीय फायदा काँग्रेसला झाला, २०१३ मध्ये तिथे तिची सत्ता आली. मग याच काँग्रेस सरकारने मार्च २०१६ मध्ये वेगळा लाचलुचपत विभाग काढून लोकायुक्ताचे पोलिसी अधिकार तिकडे वळवले, म्हणजे सरकारच्या हाताखाली. तो विभाग उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये रद्द केला. जो अहवाल निवडणूक जिंकून देतो, तो लिहिणारी यंत्रणा जिंकल्यावर अडचणीची वाटू लागते.

गुजरातमध्ये वेगळीच तऱ्हा. २००३ पासून लोकायुक्ताची खुर्ची रिकामी. नरेंद्र मोदी मुख्यमंत्री. ऑगस्ट २०११ मध्ये राज्यपाल कमला बेनिवाल यांनी निवृत्त न्यायमूर्ती आर. ए. मेहता यांना नेमलं, राज्य सरकार न्यायालयात गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि जानेवारी २०१३ मध्ये हरलं. तोवर मेहता यांना उबग आला असावा. त्यांनी पद घ्यायलाच नकार दिला. राज्यपालांनी सरकारला डावलून नेमणूक करणं योग्य होतं का, यावर वाद होऊ शकतो. आठ वर्षं रिकामी खुर्ची ठेवणं योग्य होतं का, यावर मात्र वाद घालायला फारसं कुणी पुढे येणार नाही.

गोव्यात खुर्ची भरलेली होती. लोकायुक्त प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर २०२० मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांनी हिशेब मांडला. लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांविरुद्ध आपण २१ अहवाल दिले, सरकारने एकावरही कारवाई केली नाही, तेव्हा ही संस्था बंदच केलेली बरी, असं ते जाताना सांगून गेले. रिकामी खुर्ची असो की भरलेली, दोन्हीकडे बेरीज शून्यच.

आणि ज्यांचा जन्मच या मागणीतून झाला, तो आम आदमी पक्ष? दिल्लीत जनलोकपाल विधेयक मांडू दिलं नाही म्हणून केजरीवाल यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये ४९ दिवसांत राजीनामा दिला. पुढच्या वर्षी ७० पैकी ६७ जागा जिंकून परत आले. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली विधानसभेने विधेयक मंजूर केलं, पण केंद्राची संमती नसल्याने ते पुढे सरकलं नाही. यात केंद्राचा दोष किती आणि त्यांचा किती, यावर भांडता येईल. पण पक्षाच्या आतल्या लोकपालाचं काय? ते पद माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास यांच्याकडे होतं. निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहणारा, कुणाचं मिंधेपण नसलेला माणूस. मार्च २०१५ मध्ये पक्षात फूट पडली, तेव्हा राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीला येऊ नका असं त्यांना कळवलं गेलं आणि लगेच त्यांच्या जागी दुसरी माणसं नेमली गेली. इथे ना केंद्राची संमती लागत होती, ना नायब राज्यपालांची. म्हणून माझ्या कसोटीवर दिल्लीच्या विधेयकापेक्षा रामदासांची गोष्ट जास्त जड आहे.

लोकपाल आल्यावर तरी काय झालं? सुरुवातीचं कार्यालय दिल्लीच्या अशोका हॉटेलात थाटलं गेलं, भाडं महिन्याला सुमारे ५० लाख. माहिती अधिकारात उत्तर आलं की ऑक्टोबर २०१९ पर्यंत भाड्यापोटी ३ कोटी ८५ लाख रुपये दिले गेले. तक्रार कोणत्या नमुन्यात करायची, तो अर्जाचा नमुना निघाला मार्च २०२० मध्ये. कायदा लागू होऊन सहा वर्षं झाल्यावर. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि तक्रार खोटी ठरली तर वर्षभरापर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. साध्या माणसाने शंभरदा विचार करावा, अशी ही सोय. मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती घोष निवृत्त झाले. त्यानंतर पावणेदोन वर्षं पूर्णवेळ अध्यक्ष नव्हता. मार्च २०२४ मध्ये पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती अजय खानविलकर आले. दरम्यान २०२३ मध्ये संसदेच्याच समितीने नोंदवलं की लोकपालाने तोपर्यंत भ्रष्टाचाराबद्दल एकावरही खटला चालवलेला नाही. त्यानंतर या संस्थेची सगळ्यांत गाजलेली बातमी आली ऑक्टोबर २०२५ मध्ये. सात बीएमडब्ल्यू गाड्या घेण्यासाठी लोकपालाने निविदा काढली होती. टीका झाली आणि ती निविदा रद्द झाली.

पण मला गाड्यांपेक्षा कलम ५३ जास्त खुपतं. ते फार कुणी वाचत नाही. गुन्हा घडल्याचं म्हटलं जातं त्या तारखेपासून सात वर्षांच्या आत तक्रार आली नाही, तर लोकपालाला तिची चौकशी करता येत नाही. मुदतीचं कलम कुठल्याही कायद्यात असतं, त्यात वावगं काही नाही. फक्त बोटांवर मोजून बघा. ज्या प्रकरणांनी २०११ मध्ये लोकांना रस्त्यावर आणलं, त्यातले टूजीचे, म्हणजे मोबाइल सेवेचे, परवाने वाटले गेले जानेवारी २००८ मध्ये. सात वर्षं संपली जानेवारी २०१५ ला. राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या ऑक्टोबर २०१० मध्ये. सात वर्षं संपली ऑक्टोबर २०१७ ला. कुलाब्याच्या 'आदर्श' इमारतीचे घोटाळे त्याहून जुने. न्यायालयांत यातल्या प्रकरणांचं जे व्हायचं ते वेगळं झालं, टूजीतले आरोपी तर डिसेंबर २०१७ मध्ये निर्दोष सुटले. पण ज्यांच्यासाठी लोकपाल मागितला गेला, त्यातलं एकही प्रकरण २३ मार्च २०१९ ला, पहिल्या लोकपालाने शपथ घेतली त्या दिवशी, त्याच्याकडे नेता येत नव्हतं.